आतल्या घडीतला डाग

कपड्यावर इस्त्रीचा चटका बसला, की तिच्या नवऱ्याचे हात आपोआप चालू लागत. चटक्याची बाजू आत, कोरी बाजू वर, बाह्या मागे, कॉलर ताठ, आणि वरून एक हलकी थाप. गिऱ्हाईक पिशवी घेऊन हसत जाई. घरी घडी उलगडल्यावर दिसलं तर दिसलं. बोंबलत परत आलंच, तर माफी मागायची, भरपाई द्यायची. त्यात तो कधी मागे सरला नाही. पण आपण होऊन डाग दाखवायचा नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणे. सगळी गल्ली त्याला घडीमास्तर म्हणायची. लाडात आली की तीही म्हणायची.

बरेच दिवस ती लाडात आली नव्हती.

दुकान लांबट आणि अरुंद. पुढे काच, मागे कपड्यांच्या दांड्या, मध्ये दोन टेबलं समोरासमोर. एकावर तो, एकावर ती, आणि मधोमध वाफ. त्यांचा निम्मा संसार त्या वाफेतूनच बोलून झाला होता. भांडण झालं तर वाफ जास्त सोडायची, म्हणजे समोरचं तोंड दिसत नाही. राग गेला की वाफही विरते.

मग तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. स्तन काढावा लागला. त्याच वेळी आत इम्प्लांट बसवून नवा उभा केला. "दोन्ही कामं एका झोपेत," पहिला डॉक्टर म्हणाला होता, हसून. ती बरी झाली, केस पुन्हा आले, आणि ती कामावर परतली. पहिले काही दिवस सगळं पूर्वीसारखं. हॉटेलचे जाड पडदे, कोट, टेबलावरची मोठी कापडं. उजवा हात लवकर दमे, छातीत काहीतरी ओढे. पण ओढणारच, म्हणून तिनं सोडून दिलं.

मग एका सकाळी ती खाली आली, तर त्याचं टेबल फिरवलेलं. तोंड मागच्या भिंतीकडे.

"हे काय केलंत?"

"इकडून उजेड बरा येतो."

उजेड यायचा दारातून, आणि दार आता त्याच्या पाठीशी होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पाठ बोलत नाही. दिवसभर ती त्या पाठीकडे बघून इस्त्री करू लागली. जड कपडेही तो न विचारता आपल्याकडे ओढून घेऊ लागला. "पडदे मी करतो, तू शर्ट कर." आधी तिला वाटलं, माया. मग वाटलं, मायेला पाठ कशाला लागते?

उत्तर तिला एका दुपारी मिळालं. तो डिलिव्हरीला गेला होता. उकडत होतं म्हणून तिनं ॲप्रन काढून ठेवला. एक राहिलेला कोट टेबलावर घेतला, वारा लागावा म्हणून दाराकडे तोंड केलं, कॉलरवर ओलं फडकं टाकलं आणि अंगाचा भार देऊन इस्त्री दाबली. पुढच्या काचेबाहेर कुणाचातरी काळा सूट लटकत होता, त्यामुळे काचेचा आरसा झाला होता. त्या आरशात तिला दिसलं. इस्त्री दाबली, आणि शर्टाखाली तिची उजवी बाजू टुणकन वर उडाली, काखेकडे. आतून कुणी दोरी ओढावी तशी. इस्त्री उचलली, खाली आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर. डावी आपली शांत, जागच्या जागी, शेजारणीच्या तमाशाकडे बघणाऱ्या बाईसारखी.

तिनं ॲप्रन घातला. त्यानंतर कितीही उकडलं तरी काढला नाही.

म्हणजे त्यानं हे बघितलंय. समोर उभं राहून बघितलंय, आणि बघवेना म्हणून पाठ फिरवलीय. एवढं कळल्यावर बाकीचं सगळं आपोआप जुळत गेलं. संशयाचं असंच असतं. एक टाका उसवला की पुढचे दहा उसवत जातात.

नणंद वरच्या मजल्यावर राहायची. दुपारी चहा घेऊन खाली यायची.

"वहिनी, कोण म्हणेल गं तुझं एवढं मोठं दुखणं झालं! छान झालंय सगळं."

"सगळं म्हणजे काय काय? एकेक सांग की."

नणंदेनं भावाच्या पाठीकडे बघितलं. पाठ कोरीच होती. "अगं बाई, दूध ठेवलंय मी गॅसवर."

"माझ्याशी बोलायला लागलीस की बरं तुझं दूध उतू जातं."

"तुला ना, आता चांगलं म्हटलेलंही सोसत नाही," म्हणत नणंद जिना चढून गेली.

खरं होतं ते. सोसत नव्हतं. छान. सगळे छानच म्हणत. तो शब्द तिला आयता घडी घालून हातात दिल्यासारखा वाटे. आणि घड्यांचं तिला काय कळत नव्हतं?

ती पहिल्या डॉक्टरकडे एकटीच गेली. थंडगार खोली, मऊ खुर्ची, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एकामागून एक फोटो सरकणारे. डोकी नसलेल्या बायका, गळ्यापासून कमरेपर्यंत. आधीच्या आणि नंतरच्या.

"हात खाली सोडा," डॉक्टर म्हणाला. "ताठ उभ्या राहा. वा. सुरेख बसलंय."

ती हात खाली सोडून उभी राहिली. मनात म्हणाली, बघू तरी याला दिसतंय का. डॉक्टरला दिसत नसेल तर तो डॉक्टर कसला?

"काही त्रास?"

"ओढतं जरा."

"ओढणारच. शरीराला वेळ द्या. छान आहे."

ती बटणं लावत होती तेवढ्यात पडद्यावर एक बाई आली. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला तीळ. तो तीळ ती रोज अंघोळीला बघत होती.

"ही मी का?"

"तुम्हीच! ठेवायला हरकत नाही म्हणाल्या होतात ना? आमच्या उत्तम केसेसपैकी आहात."

तिनं आपल्याच अंगाकडे परक्यासारखं बघितलं. हात खाली, श्वास रोखलेला, नुकत्याच इस्त्री करून लटकवलेल्या शर्टासारखी ती. आणि मग तिला आठवलं. ऑपरेशनच्या आधी याच खुर्चीत बसून तिनंही असेच फोटो बघितले होते. बघून हो म्हटलं होतं. त्या सगळ्या बायकांचे हात खालीच होते.

बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी आईचा हात धरून बसली होती. आत जाऊन ती पडद्याकडे बघणार, तिळाच्या बाईला बघून हो म्हणणार. तिच्यापाशी थांबावंसं वाटलं. पण काय सांगणार? न थांबता ती बाहेर पडली.

घरी येऊन ती पाठीला म्हणाली, "मला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय. दुरुस्त होत असेल तर करून घ्यायचंय."

त्याची इस्त्री थांबली. "कशाला? छान तर आहे."

"तुम्ही बघितलंय कधी?"

इस्त्री पुन्हा चालू झाली. कापड जळल्याचा बारीक वास आला. त्यानं निमूटपणे घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो मागे दांड्यांमध्ये शिरून फोनवर बोलत होता. लटकलेल्या कोटांमधून आवाज हळू यायचा, पण तिचे कान आता तिखट झाले होते. "हो डॉक्टर... नाही, माझ्याकडून एक शब्द नाही गेला... पण आता तीच दुसरीकडे म्हणतेय... हो ना, तेच मला नको होतं."

ती बाहीवर पाणी मारत राहिली. बाही केव्हाच भिजली होती.

तिची आई धुणं वाळत घालताना गुणगुणायची, ते ओठांवर आलं:

*वरची घडी पांढरी, आतल्या घडीत डाग*
*गोड बोलण्याचा, बाई, कसा लागायचा माग*

एकाच माळेचे मणी. डॉक्टर, नवरा, नणंद. या सगळ्यांनी मिळून माझी घडी घातलीय, तिला वाटलं, आणि वरून थापही मारलीय.

"मी येतो सोबत," तो म्हणाला.

"काही गरज नाही."

"येतो."

राखण करायला येतोय, ती मनात म्हणाली. मी काय बोलते, ते ऐकायला.

दुसरी डॉक्टर जाड चष्म्याची बाई होती. कानामागे पेन, टेबलावर अर्धं खाल्लेलं बिस्कीट. तपासण्याआधी तिनं गरम पाण्याखाली हात धरले. "माझे हात बर्फ असतात. लोक किंचाळतात." नवरा पडद्याच्या बाहेर, खुर्चीवर.

चष्मेवालीनं व्रण बघितला, बोटानं कडा चाचपल्या. "टाके नीट घातलेत त्यांनी."

झालं. हीसुद्धा त्यांचीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि ही तर समोर दूधच घेऊन उभी.

"नक्की काय खटकतंय तुम्हाला?"

"तुम्ही डॉक्टर. तुम्हीच बघा."

"मला जादू येत नाही हो." डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसली. "मला दिसतं ते सांगते. हे थोडं वर बसलंय. डाव्यापेक्षा जरा घट्ट आहे. पण एवढ्यासाठी मी पुन्हा चाकू लावणार नाही. बरं करायला जाऊन वाईट झालं तर? काही असेल तर बोला."

ती हात खाली सोडून उभी राहिली, पहिल्याकडे राहिली होती तशीच. दाखवायचं नाही. समोरच्याला दिसलं तर दिसलं. दिसलं नाही, तर हीसुद्धा खोटी. तिला एकाच वेळी जिंकल्यासारखं वाटलं आणि रडू आलं. ती बटणं लावू लागली.

"बाई," पडद्याबाहेरून आवाज आला, "तिचे हात खाली आहेत ना?"

डॉक्टरनं मान वळवली. "हो. का?"

"हात खाली असले की होत नाही ते." नवऱ्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आम्ही इस्त्रीवाले. तिला काहीतरी दाबायला सांगा. भार देऊन. इस्त्री दाबते तसं."

तिची बोटं बटणावर थिजली.

"त्यांना आत घेऊ?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

"नको."

"बरं. मग मला दाखवता?"

तिनं बटण सोडलं, तपासणीच्या खाटेच्या कडेवर उजवी मूठ ठेवली आणि दाबलं. डॉक्टर चष्मा वर करून अगदी जवळ वाकली.

"पुन्हा. हळू. आता जोर लावा. सोडा." ती सरळ झाली. "उडतंय की हो."

"उडतं," ती म्हणाली. हा शब्द तिनं पहिल्यांदाच तोंडानं काढला होता. काढल्यावर तो तेवढा मोठा वाटला नाही.

"दुखतं?"

"ओढतं. संध्याकाळी वाटतं, हात खांद्यातून गळून पडेल."

"हे छातीच्या स्नायूखाली बसवलंय. तुम्ही जोर लावला की स्नायू आवळतो आणि याला वर ढकलतो. खुर्चीत बसून काम करणारीला वर्षानुवर्षं कळायचंही नाही. तुम्ही काय काम करता, कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलं." मग थांबून, "मीही नाही सांगितलं."

बाहेर येऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. वेटिंगमधली दोन-तीन माणसं भिंतीवरच्या, आवाज बंद असलेल्या टीव्हीत डोकं घालून बसली होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"तू कामावर आलीस तेव्हापासून. पडदे दाबत होतीस." तो बुटांकडे बघत होता. "मला दिसलं. तुझं तुला कळलं नव्हतं."

"म्हणून पाठ फिरवलीत. किळस आली."

त्यानं झटकन वर बघितलं. असा चेहरा तिनं कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. समोरून बघायला मिळालाच कुठे होता?

"किळस?" तो म्हणाला. मग बाकावर बसला. "अगं, रोज समोर उभा राहिलो असतो तर तुला माझ्या तोंडावरून कळलं असतं. कापडाची घडी येते, पण तोंडाची घालता येत नाही मला. म्हणून तोंडच भिंतीकडे केलं."

"आणि डॉक्टरला चोरून फोन?"

"विचारलं होतं, दुरुस्त होईल का. म्हणाले, होईल, पण तिची तक्रार नसेल तर डोक्यात भरवू नका. मला तेवढंच हवं होतं. तू त्या दिवशी भुलीतून लवकर उठली नाहीस. सगळ्यांनी हाका मारल्या. मी मारल्या. तू उठेनास. परत त्या टेबलावर..."

"माझी तक्रार नव्हती?"

"मला कुठे सांगितलीस?"

तिचा राग पुन्हा उसळून वर आला. "मूठ माझी, आणि झाकता तुम्ही! वर्षभर मी तुमच्या पाठीशी बोलत राहिले."

समोरच्या म्हातारबाबांनी टीव्हीवरची नजर हळूच त्यांच्याकडे वळवली. ती त्यांच्यावरच करवादली, "तुम्ही टीव्ही बघा हो."

चष्मेवालीनं दोघांना आत बोलावलं. "आता मी चाकू लावेन. पण आधी नीट ऐका. हे स्नायूखालून काढायचं, स्नायू जागेवर शिवायचा, आणि वर, कातडीखाली बसवायचं. स्पर्श परत येणार नाही. तुमची कातडी पातळ आहे, वरून सुरकुती दिसू शकेल. आत जंतू शिरले तर काढून टाकावं लागेल, मग ती बाजू सपाट राहील. दोन्ही सारखी होतील, असं मी म्हणणार नाही. आणि हे काढून सपाटच राहायचं असेल, तर तोही मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही."

ती ऐकत होती, पण कान टवकारून. वाईट सांगणाऱ्याचा तरी काय भरवसा? वाईट सांगून गिऱ्हाईक बांधणारेही असतात. शेजारच्या गल्लीतला धोबी प्रत्येक कपड्याला "हा डाग जाणार नाही" म्हणून मोकळा होतो, आणि गेला की देव ठरतो.

"उडायचं थांबेल?"

"त्यासाठीच करायचं. बहुतेक थांबेल."

"बहुतेक?"

"बहुतेक."

हा शब्द कुणी घडी घालून दिला नव्हता. चुरगळलेला होता, जसाच्या तसा.

"आणि भूल?" तिनं विचारलं. नवऱ्याकडे न बघता विचारलं. "मागच्या वेळी उठायला उशीर झाला होता म्हणे. मला आजच कळलं."

"त्याचे जुने कागद मागवते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय तारीखच देणार नाही. तुम्ही दोघं या, हवं ते विचारा."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर मीही नाही म्हणेन. तेव्हा माझ्यावर रागवा."

दुकानात परतल्यावर ती त्याच्याशी बोलली नाही. ॲप्रन काढून खुंटीला लावला. मग त्याच्या टेबलाची कड धरली आणि ओढू लागली. पाय फरशीवर किंचाळले. वरून नणंद जिन्यात आली, "काय पाडताय गं?"

"काही नाही, दूध बघ तुझं!" ती ओरडली.

तो धावला. "अगं, हात! सोड, मी..."

"मग धरा दुसरी बाजू."

दोघांनी मिळून टेबल पूर्वीसारखं केलं, समोरासमोर. तिनं पडद्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला, वरचा पसरला आणि इस्त्री उचलली.

"बघा," ती म्हणाली.

त्याला बघवत नव्हतं, पण त्यानं बघितलं. तिनं दाबलं. उडालं. सोडलं. खाली आलं. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, भीती, दुखणं, आणि कुठेतरी एक वेडगळ हसू येऊ घातलेलं.

"काय दिसतंय?"

"उडतंय," तो म्हणाला. "बेडकासारखं."

"छान नाही ना?"

"नाही."

तिनं वाफ सोडली. ती हसतेय की रडतेय हे त्याला कळू नये, एवढी सोडली. राग मात्र तेवढ्यानं गेला नव्हता. त्या रात्रीही ती भिंतीकडे तोंड करूनच झोपली, आणि पुढे काही दिवस दोघं फक्त कामापुरतंच बोलली.

भूलवाल्या डॉक्टरांनी दोघांना बसवून सगळं विचारून घेतलं. मागच्या वेळी कुठलं औषध तिला जड गेलं ते शोधलं, आणि या वेळी ते देणार नाही म्हणाले. तारीख मिळाली. तरी ती रोज एकदा चष्मेवालीच्या दवाखान्यात फोन करून काहीतरी विचारायचीच. तिकडची मुलगी कंटाळून गेली. "मावशी, कालही हेच विचारलंत." "आजचं उत्तर तेच आहे का, बघत होते," ती म्हणायची.

निघायच्या सकाळी ती खाली आली, तर दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. तो टेबलापाशी उभा होता. दवाखान्यासाठी तिनं समोरून उघडणारा जुना झगा काढून ठेवला होता, फिकट निळा. त्यानं तो इस्त्री करून, घडी घालून पिशवीवर ठेवला होता. ताठ कॉलर, बाह्या मागे.

आणि छातीवर, अगदी वर, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी चटका.

"हे काय?"

"जळला. हात थरथरला."

"मग आत घालायची ना घडी. सवय गेली का?"

"नाही घातली."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. भिंत नव्हती, वाफ नव्हती.

"भीती वाटतेय?"

"हो," तो म्हणाला. "फार."

"मलाही."

तिनं झग्यावर हात ठेवला. कापड अजून गरम होतं. घडी न मोडता, चटका तसाच वर ठेवून तिनं तो पिशवीत घातला.

"तिथली नर्स म्हणेल, इस्त्रीवाल्याची बायको आणि झगा जळका."

"म्हणू दे."

"चला मग, घडीमास्तर," ती म्हणाली, आणि वाकून शटरखालून बाहेर पडली.